दुकानाच्या वहीतलं शाळेचं पान

अमरावतीतल्या राजापेठच्या उड्डाणपुलापासून बडनेऱ्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की हार्डवेअरचं एक दुकान लागतं. नळ, कुलपं, रंगाचे डबे, सुतळी, फिनेल, झाडू, सगळं एका छताखाली. दुकानदाराची उधारीची लाल कापडी वही गल्ल्याशेजारी पडलेली असते. त्या वहीतलं एक पान बारा वर्षं माझ्या शाळेच्या नावाचं होतं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, राजापेठहून एसटीने पाऊण तासाच्या गावातली. मी तिथे मुख्याध्यापिका होते आणि राहायला राजापेठेत, त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना शाळेची खरेदी आणि सकाळी बसमध्ये मांडीवर पिशवी, हे ठरलेलंच होतं.

जुलै २०२२ मधला एक दिवस सांगते. परिपाठ सुरू होता. सातवीतली एक मुलगी रांगेतून बाहेर आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मॅडम, तिकडे पानी नाई आज.” मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ रात्री तुटला होता आणि टाकी रिकामी झाली होती. ही गोष्ट उद्यावर टाकता येत नाही. सातवीतली मुलगी अशा दिवशी मधल्या सुट्टीत घरी जाते आणि परत येत नाही. दुसऱ्या दिवशीही येईलच असं नाही. एक शिक्षक मोटरसायकलने राजापेठहूनच निघत होते. त्यांना फोन केला, त्यांनी दुकानातून दोन नळ उचलले. गावातल्या नळ दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी अकराच्या आत ते बसवले. नळांचे ३८० रुपये, मजुरीचे २००. दोन्ही मी पर्समधून दिले आणि माझ्या छोट्या डायरीत लिहून ठेवले.

त्या दिवशी शाळेच्या खात्यावर खर्चाची मर्यादा शिल्लक होती, म्हणजे पैसे नव्हते असं नाही. पैसे होते, पण ते त्या नळापर्यंत पोहोचू शकत नव्हते.

आमच्या शाळेचा पट होता ८४. समग्र शिक्षा अभियान २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून शाळेला एकत्रित अनुदान मिळू लागलं आणि एवढा पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेच्या वाट्याला वर्षाला २५,००० रुपये यायचे. त्यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च व्हायला हवी असे. उरलेल्यात वीजबिल, खडू, हजेरीपत्रकं, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आधी फळ्याला काळा रंग. जिल्हा परिषदेच्या शाळांत अशा किरकोळ खर्चाला जुना शब्द आहे, सादिल. शब्द छोटा आहे, पण शाळा चालते ती सादिलवर. इमारत एकदा बांधून होते. खडू रोज संपतो.

आधी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात येत आणि चेकने निघत. जुलै २०२१ पासून केंद्राच्या योजनांची रीत बदलली. प्रत्येक योजनेचा सगळा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात ठेवायचा, शाळांची खाती शून्य शिल्लकीची, आणि शाळेला फक्त मर्यादा दिसणार. गावोगावच्या लाखो खात्यांत पैसा पडून राहत होता, तो एका जागी दिसावा, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. आमच्याच खात्यात एकदा बांधकामाचे उरलेले पैसे तीन वर्षं तसेच पडून होते आणि ते परत कोणाकडे करायचे हे कोणी सांगत नव्हतं.

पण तेव्हा एका नळाचे पैसे द्यायचे म्हणजे काय, ते पाहा. आधी दुकानदाराचं नाव, खातं, बँकेचा कोड केंद्र सरकारच्या पीएफएमएस या ऑनलाइन प्रणालीवर जोडायचा आणि तो मंजूर व्हायची वाट पाहायची. मग एका लॉगिनने देयक तयार करायचं, दुसऱ्या लॉगिनने ते मान्य करायचं. त्यानंतर छापील आदेश निघायचा, आम्ही त्याला पीपीए म्हणायचो. त्यावर समितीच्या अध्यक्षांची आणि माझी सही, शिक्का. तो कागद बँकेत नेऊन द्यायचा, तोही दहा दिवसांच्या आत, नाहीतर तो रद्द व्हायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. शाळेत नेट असेल तर शाळेत, नसेल तर घरी रात्री साडेदहानंतर, साइट हलकी झाल्यावर. नळ बसवणाऱ्या भाऊंना मी पासबुकाची झेरॉक्स मागितली तेव्हा ते माझ्याकडे पाहतच राहिले. “दोनशे रुपयासाठी पासबुक कायले पायजे मॅडम? राहू द्या, पुढच्या खेपेले देजा.” पुढच्या खेपेला म्हणजे कधी, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी ते लगेच दिले.

आणि एकदा स्वतःच्या खिशातून दिलं की ते परत घेण्याची वाट जवळजवळ बंद. पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जावेत, असं आम्हाला बजावलेलं होतं. मुख्याध्यापिकेने आपल्या नावावर शाळेचे पैसे वळते करणं दिसायलाही बरं नाही, म्हणून मी कधी केलं नाही. मग एकच रस्ता उरतो, दुकानदाराची वही. वर्षभर माल उधार न्यायचा, अनुदान आलं की एकत्र बिल करायचं आणि त्याच्या खात्यात एकदम टाकायचं. अनुदान कधी डिसेंबरात येई, कधी फेब्रुवारीत. तोवर शाळेला दुकानदार पोसत असे. हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेक शाळा अशाच चालतात.

नळ तुटला त्या वर्षीच्या डिसेंबरात माझी भाची अमेरिकेहून आली होती. ती टेक्सासमधल्या एका शाळेत शिकवते. संत्र्याचे दिवस होते. आम्ही दोघी गच्चीत ऊन घेत संत्री सोलत बसलो होतो. मी डायरीत आकडे लिहीत होते, तिने विचारलं, “मावशी, हे काय लिहितेस?” मी नळाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “आमच्याकडे ऑफिसमधल्या बाईंकडून कार्ड घेतलं असतं, दुकानात स्वाइप केलं असतं आणि पावती आणून दिली असती.”

मग मी तिला त्या कार्डाबद्दल खोदून खोदून विचारलं. तिकडे एका भागातल्या शाळा ज्या मंडळाच्या हाती असतात त्याला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. मंडळाचे सभासद लोक निवडून देतात आणि शाळेसाठी वेगळा मालमत्ता कर असतो. हे मंडळ बँकेकडून खरेदीची कार्डं घेतं आणि शाळाशाळांतून देतं. कार्डावर एका खरेदीची मर्यादा असते, महिन्याची मर्यादा असते. प्रत्येक दुकानाला त्याच्या धंद्याप्रमाणे चार आकडी खूण दिलेली असते, त्यामुळे दारूच्या दुकानात किंवा दागिन्यांच्या पेढीत ते कार्ड चालतच नाही. त्यातून रोख रक्कम निघत नाही. शिक्षिकेने कार्ड नेताना वहीत सही करायची, आणताना पावती जोडायची. महिनाअखेरीला बँकेची यादी आणि पावत्यांचा गठ्ठा समोरासमोर ठेवून एकेक ओळ जुळवायची. दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून सही करायची. पावती हरवली तर लेखी जबाब. दोनदा हरवली तर कार्ड बंद. दुकानदाराला मात्र थांबावं लागत नाही, त्याचे पैसे बँक देते. मंडळ बँकेचा हिशेब महिन्याने चुकवतं.

तिथल्या केंद्र सरकारच्या खात्यांतही अशी कार्डं १९९८ पासून ‘स्मार्टपे’ या नावाने चालतात. छोट्या खरेदीसाठी शंभर कागद फिरवण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो, हा त्यामागचा साधा हिशेब. मी हा हिशेब आमच्या नळाला लावून पाहिला. दोन नळांसाठी बँकेची एक फेरी, एसटीचं भाडं, बुडालेल्या तीन तासिका. तासिकांची किंमत मला मांडता आली नाही.

भाची एक गोष्ट जाताजाता बोलली आणि ती माझ्या मनात राहिली. कार्ड असूनही तिकडचे शिक्षक स्वतःच्या पैशाने वर्गासाठी वस्तू आणतातच. इतके आणतात की त्यांच्या आयकराच्या कायद्यात त्यासाठी वर्षाला २५० डॉलरची वजावट होती, २०२२ पासून ती ३०० केली. म्हणजे सरकारला ते माहीत आहे आणि सरकारने ते लिहून ठेवलं आहे. माझी डायरी मात्र कुठल्याच खात्याला माहीत नव्हती. रकमेचं मला फार वाटत नाही. पगार मला चांगला होता. पण माझ्या शाळेतल्या शिक्षणसेवक मुलीने पहिल्या वर्षी तुटपुंज्या मानधनातून रंगपेट्या आणल्या तेव्हा मला लाज वाटली. ती लाज माझ्या एकटीची नव्हती.

आपल्याकडे कार्डासारखं काहीच कधी नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. सर्व शिक्षा अभियान २००१ मध्ये आलं, त्यात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये शैक्षणिक साहित्यासाठी मिळायचे. काय घ्यायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. पावती लावायची आणि वस्तू वर्गात दिसली पाहिजे, एवढीच अट. माझ्या सबंध नोकरीत इतकी नेमकी खरेदी मी पाहिली नाही. मी दुसरीला शिकवत होते. गांधी चौकातून कार्डशीट आणले, भाजीबाजारातून चिंचोके, एका शिंप्याकडून रंगीत चिंध्या मागून आणल्या, राजापेठच्या एका दुकानातून तराजूची खेळण्यातली जोडी. त्या तराजूने मुलांनी महिनाभर शाळेतली प्रत्येक वस्तू तोलली. एकाने स्वतःची चप्पलसुद्धा तोलली. कोणाही वरिष्ठाला जिल्ह्यात बसून चिंचोके खरेदी करण्याचं सुचलं नसतं. ते सुचतं चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या बाईला. पुढे हे अनुदान बंद झालं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कार्ड आणा, असं मी भाचीच्या बोलण्यानंतर सगळ्यांना सांगत सुटले. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका ज्येष्ठ सरांना म्हटलं तर ते म्हणाले, “बाई, उद्या कोणी त्या कार्डावर घरचा टीव्ही आणला तर?” त्यांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. मुलांचा पैसा आहे, भीती वाटलीच पाहिजे. पण कागद जास्त म्हणजे गैरव्यवहार कमी, हे मला अनुभवाने पटत नाही. मी स्वतः केलेली एक गोष्ट सांगते. एका वर्षी सहा हजारांच्या क्रीडा साहित्यासाठी तीन कोटेशनं हवी होती. मार्चचा शेवट जवळ होता. दुकानदाराने ड्रॉवर उघडला आणि दुसऱ्या दोन दुकानांची कोरी लेटरहेडं काढली. “कायले फिरता मॅडम, इथंच होऊन जाते.” मी ती घेतली. तुलनात्मक तक्ता तयार केला, सर्वात कमी दर कोणाचा हे आधीच ठरलेलं. फाइल इतकी नीटनेटकी झाली की तपासणीत त्या फाइलचं कौतुक झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पुढच्या वर्षापासून मी स्वतः तीन दुकानं फिरले. फाइल खरी होती का, हे कागदांवरून कोणालाच कळलं नसतं. कार्डाच्या यादीत निदान तारीख, वेळ आणि दुकान खोटं लिहिता येत नाही.

खोटं कार्डातही शिरतंच. भाचीने सांगितलं, त्यांच्याकडे सर्वात कडक मनाई आहे ती खरेदीचे तुकडे पाडण्याला. मर्यादा चुकवण्यासाठी एकच वस्तू दोन दिवसांत दोनदा घेतल्यासारखी दाखवायची नाही. ऐकून मी थक्क झाले, कारण निविदा टाळायला खरेदीचे भाग करू नयेत हे आमच्याही खरेदीच्या नियमांत आहे. सात समुद्रांपलीकडे माणसं तीच पळवाट शोधतात.

कार्डाबद्दल माझ्या मनात जी खरी शंका आली ती मात्र वेगळ्याच ठिकाणाहून आली, आमच्या अध्यक्षताईंकडून.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका आल्या. आमच्या अध्यक्षताई चौथी शिकलेल्या, दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणीला जाणाऱ्या. पहिल्या चेकवर सही करताना त्यांचा हात थरथरत होता. दोनपैकी एक चेक बँकेने सही जुळत नाही म्हणून परत केला. बँकेतल्या बाबूंसमोर त्यांना पुन्हा पुन्हा सही करायला लावली, तेव्हा त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, दुसऱ्या कोनाले तरी करा अध्यक्ष.” मी नाही म्हटलं. महिनाभर त्या रात्री लेकीच्या वहीत सही गिरवत होत्या.

वर्ष-दीड वर्षाने एकदा मी सहीसाठी बिलं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सही केली नाही. बिल हातात धरून म्हणाल्या, “हे झाडू पंधरा लिवले. शाळेत बाराच दिसतात.” आम्ही दोघी शाळेत आलो. वर्ग, व्हरांडा, स्वयंपाकाची खोली सगळीकडे मोजले. बाराच. मला दरदरून घाम फुटला, कारण मी पंधराच आणले होते. शेवटी शेजारच्या अंगणवाडीत तीन सापडले, सेविकाताईंनी नेले होते. अध्यक्षताईंनी ते परत आणले नाहीत. साठा नोंदवहीत मला लिहायला लावलं, तीन झाडू अंगणवाडीला दिले, आणि मग बिलावर सही केली. दोन-तीन लेखापरीक्षणं मी पाहिली आहेत. झाडू कोणी मोजले नाहीत.

नव्या पद्धतीत ही सही पीपीएवर आली, पण देयक आधीच संगणकावर बनलेलं असायचं. वेचणीच्या दिवसांत ताई पहाटे टेम्पोने दुसऱ्या गावी जात, अंधार पडता पडता येत. एकदा पीपीएचे दहा दिवस असेच उलटले. ताईंना फार अपराधी वाटलं. त्यांची मजुरी बुडवून बँकेत नेणं मला पटत नव्हतं आणि कागद तर सहीवाचून चालत नव्हता. कार्ड असतं तर त्या दिवशी काम अडलं नसतं, हे खरं. पण कार्ड माझ्या पर्समध्ये असतं, तर पंधरा की बारा हे त्यांनी मला विचारलं असतं का? भाचीच्या शाळेत महिन्याची यादी तपासतो तो अधिकारी. आमच्या गावात ती यादी कोणी तपासावी, यावर माझं मन ठाम आहे. खरेदी मुख्याध्यापकाने ताबडतोब करावी, एका वेळी दोन हजार, महिन्याला पाच हजार अशी काही मर्यादा घालून. आणि महिन्याच्या सभेत यादी मोठ्याने वाचून अध्यक्षांनी वस्तू मोजून सही करावी. ज्या महिन्यात ही सही नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात कार्ड बंद. सही पैसे देण्याच्या आधी असो की नंतर, मोजणारी व्यक्ती पालक असली पाहिजे.

आणि कार्डापेक्षाही आपल्याकडे फोन सोपा. नळवाले भाऊ, पाणीपुरीवाला, आठवडी बाजारात शिराईचे झाडू विकणारी म्हातारी, सगळ्यांकडे फोनवरून पैसे घ्यायचा चौकटीचा कागद चिकटवलेला आहे. नुसतं कार्ड आलं तर मशीन असलेल्या शहरातल्या दुकानांचंच फावेल आणि म्हातारीचे झाडू राहतील, हे मला नको आहे. ठराविक कामासाठीच वापरता येणारी ई-रुपीची सोय २०२१ मध्ये आपल्याच देशात निघाली. म्हणजे पैशाला काम नेमून देण्याचं तंत्र आपल्याला येतं. शाळेच्या सादिलसाठी ते कोणी वापरावं, एवढंच.

मला सर्वात जास्त रुखरुख लागते ती पुस्तकांची. ग्रंथालयाचं अनुदान येतं तेव्हा अनेकदा याद्या आधीच ठरलेल्या असतात. चेकच्या काळात मी एकदा चौघा मुलांना एसटीने अमरावतीत आणलं होतं. राजकमल चौकाकडच्या एका पुस्तकाच्या दुकानात सोडलं आणि सांगितलं, दोन हजारांत बसतील ती घ्या. ओळखीचा दुकानदार, त्याने आठवडाभर पैशाची वाट पाहायचं कबूल केलं होतं. मुलांनी दोन तास लावले. सहावीतल्या एकाने विहिरीतल्या बेडकांवरचं पुस्तक उचललं, किंमत पाहिली, ठेवलं, फिरून आला, पुन्हा उचललं. बेरजा त्यांनीच केल्या, हातावर पेनाने. शेवटी चाळीस रुपये जास्त होत होते तेव्हा कोणतं पुस्तक ठेवायचं यावर भांडण झालं. वर्षभर शाळेत सर्वात जास्त फाटली ती हीच पुस्तकं. शून्य शिल्लकीच्या खात्यानंतर ही फेरी मला पुन्हा जमली नाही. ज्या दुकानात मुलांना आवडेल ते दुकान जोडलेलं नसे, आणि जोडून होईपर्यंत मार्च आलेला असे.

मे २०२३ अखेर मी निवृत्त झाले. चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टर, साठा नोंदवही, कॅशबुक, चाव्या असं सगळं यादी करून नव्या सरांच्या ताब्यात दिलं. अध्यक्षताई तोवर माजी झाल्या होत्या, तरी आल्या. यादीतल्या खुर्च्या त्यांनी स्वतः मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजापेठच्या दुकानात गेले. त्या पानावर ६४० रुपये बाकी होते. एक कुलूप, दोन बादल्या, फिनेल. दुकानदार म्हणाले, “राहू द्या ना मॅडम, नवीन सर येतीन ते देतीन.” मी म्हटलं, हे माझ्या काळातलं आहे. पैसे दिले. त्यांनी पानावर आडवी रेघ मारली, ‘चुकते’ लिहिलं, तारीख टाकली. मी निघणार तोच त्यांनी पान उलटलं, कोऱ्या पानाच्या वर शाळेचं नाव लिहिलं आणि मला विचारलं, “नवीन सरांचं नाव काय म्हणाले?”